पूल आला, सु-यिन

बुदाई, ३ मार्च १९९४

मिझोबेबाईंना,

गेल्या वर्षी तुमची पत्रं आली. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तेव्हा राग नव्हता, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि रागही आहे.

मी सु-यिनची आई, को बोंग-यो. मला वाचता येतं. कालवं फोडायला बसतो तेव्हा खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरतो, त्यांवरच शिकले, आणि पुढे सु-यिनची पुस्तकं तिच्या मागोमाग वाचली. पण तुमची भाषा येत नाही. आमच्या गल्लीतले औषधवाले याप काका जपानी अमलात शाळा शिकलेले आहेत. मी बोलते, ते लिहितात. आत्ताच ते म्हणाले, "बोंग-यो, सुरुवातीला हवापाण्याची चौकशी करायची असते. त्यांच्यात रीत आहे." मी म्हटलं, हवा त्यांची त्यांना माहीत आहे.

या हिवाळ्यातही शाळेची मुलं तुमच्या गावी जाऊन आली. मागच्या वर्षी जे झालं त्यानंतर मास्तर मला विचारायला आले होते, सहल बंद करायची का. मी म्हटलं, जाऊ द्या. बाकीच्यांच्या पोरींनी काय केलंय? परवा ती मुलं परत आली. सु-यिनची मैत्रीण बाओ-चू माझ्याकडे आली आणि कालवं फोडू लागली. तिला फोडता येत नाहीत, तेव्हाच ओळखलं की काहीतरी सांगायचंय.

म्हणाली, "मावशी, आम्ही मिझोबेबाईंकडे चहाला गेलो होतो. त्यांच्या घरात पितरांचं देवघर आहे. त्यात त्यांच्या नवऱ्याचा फोटो आहे, एका सैनिकाचा आहे आणि सु-यिनचा आहे. शाळेच्या गणवेशातला. पुढे भाताची वाटी होती. भात गरम होता."

बाई, तुम्ही कुणाला विचारून हे केलंत?

आमच्याकडे मुलीला बापाच्या देवघरात जागा नसते. जन्म इथला, पण तिच्या नावाची पाटी लागायची ती नवऱ्याच्या घरच्या देवघरात. लग्नाआधी गेलेल्या मुलीला कुठेच जागा नाही. गावाबाहेर कुमारिकांचं देऊळ आहे, तिथे अस्थींचा कलश ठेवतात. सु-यिनचाही तिथेच आहे. आणि तुम्ही तिला तुमच्या पितरांच्या रांगेत बसवलंत! इथे त्याचा एकच अर्थ होतो.

माझे थोरले दीर तुम्हाला माहीत आहेत, कलश घ्यायला तेच आले होते. बाओ-चूचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि भर गल्लीत म्हणाले, "म्हणजे पोरीचं लग्न झालं म्हणायचं! आम्हाला लग्नाचा केक नाही, पंगत नाही, विहीणबाईंचा साधा निरोप नाही! अगं, जावई कोण ते तरी विचार."

बायका हसल्या. सु-यिन गेल्यापासून माझ्यासमोर कुणी हसलं नव्हतं.

तेव्हा स्पष्ट लिहा. तुम्हाला मुलगा आहे का? जिवंत आहे की गेलेला? माझी मुलगी तुम्ही कुणाच्या नावाशी बांधलीत?

याप काका म्हणतात, हे थोडं मऊ करून लिहितो. मी म्हटलं, मऊ केलंत तर पुढच्या खेपेला कालवं मिळणार नाहीत.

को बोंग-यो

बुदाई, ८ एप्रिल १९९४

मिझोबेबाईंना,

तुमचं उत्तर याप काकांनी दुकानातच वाचून दाखवलं. खोकल्याचं औषध न्यायला आलेली माणसं खोकायची थांबून ऐकत होती.

तुम्हाला मुलगा नाही. एक मुलगी, ती ओसाकाला असते. सैनिक म्हणजे तुमच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, लग्नाआधीच लढाईत गेलेला. हे ऐकताच दिरांनी मांडीवर थाप मारली, "बघा! म्हटलं नव्हतं? बिनलग्नाचा आहे!" याप काकांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "छिंग-फा, तो आज असता तर माझ्याहून म्हातारा असता. गप बस."

तुम्ही लिहिलंत की तुमच्याकडे असं लग्नबिग्न नसतं. ज्याची आठवण येते त्याचा फोटो ठेवतात आणि सकाळचा पहिला भात पुढे ठेवतात. ती तुमच्या घरात झोपली आणि तुमच्या घरातच उठली नाही, मग तिला भात दुसरं कोण ठेवणार, असं तुम्ही विचारलंत. चूक झाली असेल तर क्षमा करा, सांगाल तर फोटो काढून ठेवते, असंही लिहिलंत.

हो, काढा. आणि मला पाठवून द्या.

तुमच्यावरचा राग गेला. पण फोटो काढा. का ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई वेडी आहे.

आमच्याकडे माणूस बाहेरगावी वारलं तर त्याचा जीव वाटेत हरवतो. म्हणून घरी आणताना कुणीतरी हाका मारत यायचं असतं. प्रत्येक पुलाशी सांगायचं, "पूल आला, चल." नाव घेऊन सांगायचं. पाणी दिसलं की जीव अलीकडेच थांबतो, त्याला एकट्याला पाणी ओलांडता येत नाही.

मी स्वतः यायला हवं होतं. पण पांढऱ्या केसांनी काळ्या केसांना पोचवायला जायचं नाही अशी रीत आहे. म्हणून दीर आले. ते परत आल्यावर मी पहिलं हेच विचारलं. "भाऊजी, हाका मारल्यात ना?"

"मारल्या की. विमानतळापासून घरापर्यंत प्रत्येक पुलाला मारल्या. घसा बसला."

"आणि समुद्रावर?"

तेव्हा ते चिडले. "विमानात? शेजारी सूटबूट घातलेले लोक! खाली ढग! कुठला पूल आणि कुठलं काय!"

समुद्रावर कुणी हाक मारली नाही.

कलश दाराबाहेर मांडवात ठेवला होता. घराबाहेर वारलेल्याला आत घेत नाहीत. आई-बापाच्या आधी मरणं हा अपराध, म्हणून आईनं काठीनं मारायचं असतं. मी मारली. बायका म्हणाल्या, "जोरात मार, नाहीतर तिचा दोष फिटायचा नाही." मी जोरात मारली. मातीचा कलश, आवाज पोकळ आला. मला तेव्हाच वाटलं, ही आत नाही.

नंतर देवळात कौल लावला. आमच्याकडे लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकतात. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या म्हणजे नाही. दोन्ही उताण्या म्हणजे हसण्यावारी नेलं. मी विचारलं, "आलीस का?" नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. नाही. वर्षभर विचारतेय. कधी नाही, कधी हसते.

आता कळलं का? तुमच्याकडे रोज गरम भात मिळतोय. ती कशाला येईल?

तुमची आठवण तुमच्यापाशी ठेवा. फोटो पाठवा.

को बोंग-यो

बुदाई, १९ जून १९९४

किनुएबाई,

मिझोबे हे आडनाव झालं, आता नावानंच लिहिते. फोटो मिळाला. तो ज्या कापडात गुंडाळला होता, ते परत पाठवत नाही. त्याला तुमच्या घराचा वास आहे, जरा जुन्या लाकडाचा. तिला शेवटी हाच वास आला असेल.

मागच्या पत्रात मी याप काकांना चोरून, शाईनं शेवटी आमच्या लिपीत दोन ओळी लिहिल्या होत्या. तुमच्याकडच्या शाळेत कुणीतरी त्या वाचून दाखवल्या म्हणायच्या, कारण तुम्ही उत्तर दिलंत. मी विचारलं होतं, शेवटच्या रात्री ती काय जेवली. इथे सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटली. आता तुमचं उत्तर काकांनी वाचलंच, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नाही.

तुम्ही लिहिलंत की भाजलेला मासा होता, मुळ्याचं लोणचं होतं आणि हिरव्या दाण्यांचा भात होता. आदल्या दिवशी ती फक्त संडासापुरत्या ठेवलेल्या चपला घालून तशीच बाहेरच्या खोलीत आली होती, त्यावरून तुम्ही दोघी जेवतानाही हसत होतात. ती तुम्हाला आई म्हणायची, मास्तरांनीच सगळ्या मुलांना तसं शिकवलं होतं. आणि तिनं वाटी पुढे करून दुसऱ्यांदा भात मागितला.

इथे मी काकांना थांबवलं. पुन्हा वाचा म्हटलं.

किनुएबाई, सु-यिननं माझ्या घरी कधीही दुसऱ्यांदा भात मागितला नाही. नवरा गेल्यापासून आम्ही दोघी दिरांच्याच घरी. भाताचं भांडं जाऊबाईंच्या हाताशी असायचं. जाऊबाई वाईट नाहीत, त्यांनी कधी नाही म्हटलं नसतं. पण त्या डाव हातात घेऊन बघायच्या. सु-यिन लहान होती तेव्हापासून एक वाटी संपली की चॉपस्टिक्स ठेवायची आणि म्हणायची, "पोट भरलं." मलाही तेच वाटायचं, पोरीची भूक कमी आहे.

तुमच्याकडे ती पाच-सहा दिवस राहिली. तेवढ्यात तिला कळलं की इथे मागितलं तर चालतं.

मला तुमचा हेवा वाटला. रात्री नाही, दिवसाढवळ्या कालवं फोडताना. सुरी घसरून बोट कापलं. जाऊबाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय?" मी म्हटलं, जपानात.

तुम्ही लिहिलंत की फोटो काढला, पण सकाळी हात आपोआप तिसऱ्या वाटीकडे जातो. भरलेली वाटी परत भांड्यात ओतायला मन होत नाही, म्हणून ती तुम्हीच खाता. हे लिहायला नको होतंत. मग वाटलं, बरं झालं लिहिलंत.

फोटो मी कपाटात ठेवलाय.

   माझ्याकडे तीन सदरे आणि एक कोट आहे. त्यांच्यामध्ये ठेवलाय. सकाळी दार उघडते, माझ्या वाटीतला भात थोडा वेळ तिच्यासमोर धरते आणि मग खाते. भात तोवर गार होतो.

कौल अजून नाहीच म्हणतोय.

बोंग-यो

बुदाई, ११ सप्टेंबर १९९४

किनुएताई,

तुमच्या मुलीची तब्येत आता बरी आहे हे वाचून बरं वाटलं. तुम्ही पाठवलेलं मुळ्याचं लोणचं गल्लीत सगळ्यांनी चाखलं. दिरांनी नाक मुरडत तीनदा घेतलं.

इकडे एक गोष्ट घडली.

थोरल्या दिरांच्या मुलाचं लग्न हिवाळ्याच्या तोंडावर ठरलंय. नवी सून घरात येणार. जाऊबाईंना कपाटातला फोटो सापडला. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "बोंग-यो, नवी नवरी येणार त्या घरात हे बरं का? तूच सांग." मला काय सांगता येणार. त्यांच्या मुलासाठी त्या बोलत होत्या, माझ्या मुलीसाठी मी बोलले असते तशाच.

मग दिरांनी मार्ग काढला. शेजारच्या गावात एक विधुर आहे, मोटारींच्या टायरचं दुकान आहे. त्याला ज्योतिष्यानं सांगितलंय, गेलेली कुमारिका बायको म्हणून घरात आण, धंदा चालेल. आमच्याकडे असं होतं. पाटीशी लग्न लावतात. मुलीला नवऱ्याच्या देवघरात जागा मिळते, दोन्ही वेळा अगरबत्ती मिळते. दीर मला म्हणाले, "मी तिचा शत्रू आहे का? माझ्या भावाची पोर आहे. देवळातल्या फळीवर परक्यांच्या पोरींमध्ये किती दिवस ठेवणार? एक घर तरी मिळेल." आणि त्यांचे डोळे भरले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. विमानात हाक मारली नाही हे त्यांनाही लागलंय, बोलत नाहीत एवढंच.

म्हणून मी बघायला गेले. मुलीचं घर बघायला आई जातेच.

माणूस जाडजूड होता, स्वभावानं चांगला वाटला. खुर्ची पुसून दिली. मी देवघर बघितलं. पहिल्या बायकोच्या पाटीवर धूळ होती. पुढची संत्री सुकून लिंबाएवढी झाली होती. मी म्हटलं, "यांना भात कधी ठेवता?"

"सणावाराला ठेवतो की. रोज कोण करणार, मी एकटा माणूस." मग जरा पुढे सरकून म्हणाला, "मावशी, एक विचारू? मुलगी अभ्यासात हुशार होती म्हणतात. आकड्यांत कशी होती?"

"का?"

"नाही, स्वप्नात येऊन लॉटरीचा नंबर देतात म्हणे अशा मुली."

मी म्हटलं, "गणितात ती नापास व्हायची." हे खोटं आहे. तिला गणितात नेहमी वरचे मार्क असायचे. आणि मी उठले.

बसस्टॉपवर दीर म्हणाले, "मग कुठे ठेवणार तिला? सांग ना! कुठे?"

 बस आली, आम्ही चढलो. वाटेत खाडीवरचा पूल आला तेव्हा दीर खिडकीबाहेर बघत हळूच काहीतरी पुटपुटले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

बोंग-यो

बुदाई, २ नोव्हेंबर १९९४

विहीणबाई,

दचकू नका. याप काकाही दचकले, टाक खाली ठेवला. मी म्हटलं, लिहा, जसं म्हणतेय तसं लिहा.

टायरवाल्याकडून आल्यावर मी बरेच दिवस देवळात गेले नाही. विचारायचं तरी काय? "आलीस का?" तेच तेच. मग परवा गेले. बाओ-चूला बरोबर घेतलं, म्हटलं साक्षीदार असू दे, नाहीतर म्हणतील म्हातारीनं मनानं ठरवलं. कलशासमोर बसले आणि या वेळी दुसरंच विचारलं. "सु-यिन, तिकडे बरी आहेस का?"

होकार आला. होकार सलग तीनदा यावा लागतो, तरच खरा. तीनदा आला. बाओ-चू रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, उचल त्या चंद्रकोरी आणि जागेवर ठेव.

वर्षभर मी नको तेच विचारत होते आणि ती बिचारी नाही नाही म्हणत होती.

घरी येऊन मी दिरांना सांगितलं, "मुलीचं ठरवलं."

"कुठे?"

"जपानात."

"कोणाशी? त्या सैनिकाशी?"

"कोणाशी नाही. नवरा नाही. सासू आहे. रोज गरम भात वाढते."

जाऊबाई म्हणाल्या, "नवऱ्याशिवाय कुठे लग्न होतं का गं?" मी म्हटलं, माझ्या लग्नात नवरा होता, बारा वर्षांत गेला. भात मात्र रोज लागतो.  दीर उठून बाहेर गेले ते बेकरीत जाऊन आले. लग्नाचे मोठे केक, मुगाचं पुरण भरलेले, लाल डब्यांत. "फुकटचं लग्न नको," म्हणाले. "माझ्या भावाची पोर आहे." आणि स्वतः दारोदार जाऊन वाटले. कुणी विचारलं, "कुणाचं लग्न?" की म्हणायचे, "पुतणीचं. परदेशात दिली." कुणी हसलं नाही.

तुमचा डबा पार्सलमध्ये आहे. नवरीनं आपल्या लग्नाचा केक खायचा नसतो, म्हणून तिच्यापुढे ठेवू नका. तुम्ही खा. ओसाकाच्या मुलीला पाठवा.

फोटोही पार्सलमध्येच आहे, तुमच्याच कापडात. नवरीचा लाल कोट शिवायचा राहिला, म्हणून चौकटीला लाल दोरा बांधलाय.

आता काम सांगते. नीट ऐका. पार्सल काल पोस्टात दिलं; घरापासून पोस्टापर्यंत आमच्याकडे दोन पूल आहेत. दोन्हींवर मी हाका मारल्या. दुसऱ्यावर शाळेतून येणारी मुलं होती, थांबून बघत राहिली. मी लाजले नाही. समुद्रावर काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून पोस्टाआधी मी धक्क्यावर गेले, पार्सल पोटाशी धरून समुद्राकडे तोंड केलं आणि म्हटलं, "सु-यिन, हा मोठा पूल आहे. याला वेळ लागेल. घाबरू नकोस, पलीकडे आई उभी आहे." कुठली आई ते तिला कळेल.

बाओ-चू सांगते, तुमच्या पोस्टातून घरी जाताना नदी लागते, तिच्यावर लोखंडी पूल आहे. हे पत्र वेगळं पाठवतेय, ते आधी पोचेल; पार्सल आलं की घरी पोचवू देऊ नका. स्वतः पोस्टात जाऊन घ्या आणि त्या पुलावर मोठ्यानं म्हणा, "सु-यिन, पूल आला, चल." तुमच्या भाषेत म्हटलं तरी चालेल, तिला थोडी येते. लोक बघतील. बघू देत.

ती सकाळी लवकर उठत नाही. तिला उन्हाळ्यात पेरू आवडतात. वाटी पुढे केली तर दुसऱ्यांदा वाढा, आणि केली नाही तरी एकदा विचारा. काही चुकलं तर बोला, पण कुणासमोर नको. पोटच्या पोरीसारखी सांभाळा, असं इथे प्रत्येक आई म्हणते. तुम्हाला ते मी काय सांगायचं.

आम्ही मुलगी पाठवतो तेव्हा तिची गाडी निघाली की मागे वाडगाभर पाणी फेकतो. सांडलेलं पाणी परत येत नाही, तसं तिनंही दुःख घेऊन परत येऊ नये म्हणून. घरचा वाडगा मी झाकून पोस्टात नेणार आहे. पार्सल घेऊन पोस्टाची हिरवी गाडी आज दुपारी निघते. याप काका येणार आहेत, दीरही येतो म्हणालेत.

सगळं पाणी फेकायचं असतं. मी थोडं वाडग्यात ठेवणार आहे. तेवढं चालवून घ्या.

तुमची विहीण,
बोंग-यो